पिशवी विकू नका, उसनी द्या

ताई,
फोंडा तालुक्यातल्या एका गावात, बसथांब्याला लागून आमचे किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेले, आता मी आणि मिस्टर बघतो. गेल्या महिन्यात तपासणीला माणसे आली, गल्ल्याखाली पातळ पिशव्या सापडल्या, दंड भरला. त्या दिवसापासून मी पिशवी देणे बंद केले. समोरचे दुकान अजून देते. सकाळी शेजारी मासळीवाली बसते, तिचे गिऱ्हाईकसुद्धा पिशवी मागायला माझ्याकडे येते. मंगळवारी देवळातून परत जाणारे एक आजोबा आले. साखर, चहापूड, अर्धा किलो गूळ काढून ठेवला. पिशवी नाही म्हटल्यावर काही न बोलता सगळे तिथेच ठेवून निघून गेले. माझे लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या आधीपासूनचे ते गिऱ्हाईक. हात थरथरतात, काठी असते, वस्तू हातात कशा नेणार? रात्रभर तेच डोळ्यांसमोर. मिस्टर म्हणतात, गणेशचवथ तोंडावर आली, पिशव्या मागच्या खोलीत ठेवू आणि ओळखीच्यांना देऊ. एक घाऊकवाला कापडी घ्या म्हणतो, दुसरा कंपोस्टेबल घ्या म्हणतो, तीन रुपयांना एक. दिवसाला साठेक पिशव्या लागतात. मला प्लॅस्टिक नको आहे, पण दुकान चालायला हवे. काय करू?
– एक दुकानदारीण

वहिनी,

दंडाचे तुम्ही एका ओळीत उरकले आणि आजोबांबद्दल लिहिताना तुमचे अक्षर बदलले. तेव्हा आजोबांचे शेवटी सांगते, सावकाश. आधी मिस्टरांचा बेत मिटवू, कारण चवथ खरेच जवळ आली आहे.

मागच्या खोलीत पिशव्या ठेवू नका. पुन्हा दंड होईल ही भीती आहेच, पण मला वाटते तो लहान तोटा. तुमच्या गावात ओळखीचा कोण नाही? एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही म्हटले, तर तास उलटायच्या आत ते वाड्यावाड्यात कळते. आज तुम्ही सगळ्यांना नाही म्हणता आहात, त्यामुळे लोक चिडले तरी ते नियमावर चिडतात. उद्या निवडून द्यायला लागलात की नकार माणसाला लागेल. आणि त्या आजोबांच्या कानावर गेले की अमक्याला मागच्या खोलीतून पिशवी काढून दिली, तर ते पुन्हा पायरी चढतील का?

साठा उरला असेल तो एका गोणीत बांधून पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या. आपल्याकडे पुन्हा वापरात न येणारे प्लॅस्टिक गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे जाते. ते काही फार चांगले मरण नव्हे, पण व्हाळात, ओढ्यात जाण्यापेक्षा बरे. पैसे गेले म्हणून एक दिवस वाईट वाटेल. मागच्या खोलीत ठेवलेत तर रोज वाटेल.

आता घाऊकवाले काय विकतात ते समजून घ्यायला नियम ठाऊक हवा. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत कॅरी बॅगची जाडी किमान ५० मायक्रॉन होती. ऑगस्ट २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या वस्तूंची यादी निराळी आहे: प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची फिल्म आणि सजावटीचे थर्माकोल. चवथीला मखरासाठी थर्माकोलचे पत्रे ठेवत असाल तर तेही काढा. कंपनीत पॅक होऊन आलेली दुधाची, तेलाची, मिठाची पिशवी मात्र कॅरी बॅगमध्ये मोडत नाही, त्यामुळे तिची धास्ती नको. तुमच्या पंचायतीने याहून कडक ठराव केला आहे का, ते पंचायतीत जाऊन एकदा विचारून या. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

पिशवी जाड करण्यामागचा विचार असा की जाड पिशवी दुकानदाराला फुकट देणे परवडत नाही, गिऱ्हाईक ती जपते, आणि टाकलीच तर कचरा वेचणाऱ्याला उचलण्याइतके वजन तिच्यात असते. विचार वाईट नाही. पण त्यात एक खाच आहे, आणि ती तुम्ही तुमच्याच तराजूवर पाहू शकता. फूटभर रुंद आणि सव्वा फुटाहून थोडी उंच, म्हणजे ३० बाय ४० सेंटीमीटरची पिशवी घ्या. २० मायक्रॉनच्या जुन्या पातळ दहा पिशव्या तोलल्या तर ५० ग्रॅमसुद्धा भरणार नाहीत. त्याच मापाच्या १२० मायक्रॉनच्या दहा पिशव्या २६०-२७० ग्रॅमच्या आसपास जातात. सहापट. म्हणजे जाड पिशवी घेऊन गिऱ्हाईकाने ती पातळ पिशवीसारखी घरी नेऊन फेकली, तर आपण सहापट प्लॅस्टिक वाटले. नियम पाळूनही.

या वजनाचा दुसरा उपयोग असा की घाऊकवाला फसवतो का ते कळते. पिशवीवर बनवणाऱ्याचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापलेली असायला हवी. आकडा १२० छापला आहे आणि त्या मापाच्या दहा पिशव्या दीडशे ग्रॅम भरल्या, तर तो आकडा खोटा आहे. तपासणी तुमच्या दुकानात झाली की दंड भरायची पाळी तुमच्यावर येते. म्हणून गठ्ठा घेण्याआधी दहा नग तोलून बघा.

त्याची 'कापडी' पिशवी तर आधी हातात घेऊन बघाच. बाजारात कापडी म्हणून जे रंगीत, हलके, बारीक ठिपक्यांची जाळी दाबल्यासारखे दिसते, ते कापड नसते. त्याला नॉन-वोव्हन म्हणतात आणि ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. कडेचा दोरा ओढून पाहा. विणलेल्या कापडातून उभा-आडवा धागा सुटतो, यातून नुसते कापसासारखे तंतू निघतात. उन्हात चार महिने टांगून ठेवली की तिचा भुगा हातात येतो, आणि तो भुगा गोळा करणे कुणाच्या बापाला जमत नाही. नियमाने ती पूर्ण बंद नाही. चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजन हवे, म्हणजे वरच्याच मापाच्या दहा पिशव्या धरायचे बंद सोडून १४४ ग्रॅम तरी भरल्या पाहिजेत. भरल्या तर ती पुष्कळ वेळा वापरता येते, त्यात वाईट काही नाही. फक्त तुम्ही प्लॅस्टिक सोडले असे समजू नका.

कंपोस्टेबलबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. कायद्याने तिला जाडीची अट नाही, पण ती आयएस १७०८८ या मानकाची असावी लागते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि पिशवीवर तसे छापावे लागते. नुसते 'बायोडिग्रेडेबल' किंवा 'इको फ्रेंडली' छापले म्हणजे ती कंपोस्टेबल होत नाही. खरी असली तरी ती कुजते ती खतप्रकल्पातल्या उष्णतेत, साठ अंशांच्या आसपास, आठवडेच्या आठवडे. परसातल्या माडाच्या आळ्यात किंवा झुआरी नदीच्या पाण्यात ती तशी विरघळत नाही. सुका कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ती प्लॅस्टिकसारखीच दिसते, आणि इतर प्लॅस्टिकमध्ये मिसळली तर तो माल बिघडवते. शिवाय आपल्या दमट हवेत तिचा साठा टिकत नाही. काही महिन्यांनी घडीवर फाटू लागते. तुमच्या हिशेबाने दिवसाला साठ, महिन्याचे सव्वीस दिवस, तीन रुपयांनी ४,६८० रुपये. दर महिन्याला. एवढे पैसे घालून तुम्ही लोकांना तीच सवय लावाल की पिशवी दुकानातून फुकट मिळते.

मग सुती कापडाची? इथेच मला थोडे थांबायचे आहे, कारण आमच्यासारखे लोक 'कापडी पिशवी वापरा' असे सांगून मोकळे होतात. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने वेगवेगळ्या पिशव्यांची तुलना केली. साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत नवी सुती पिशवी हवामानापुरती तरी पदरात पडायची तर ती ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, खते, रसायने असे सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. तो हिशेब डेन्मार्कचा आहे, तिथे टाकलेली पिशवी भट्टीत जाते. पिशवी व्हाळात, गटारात, गाईच्या पोटात जाण्याचा हिशेब त्यात धरलेला नाही, आणि आपला मुख्य प्रश्न तोच आहे. पण त्या आकड्यांतून एक गोष्ट घ्यायलाच हवी. कापूस पिकवून, विणून, शिवून केलेली नवी पिशवी चार वेळा वापरून कपाटात पडली तर तिचा काही उपयोग झाला नाही. लग्नात, संमेलनात, दुकानाच्या उद्घाटनात मिळालेल्या अशा पिशव्या मी मागच्या दिवाळीत कपाटातून काढून मोजल्या. एकतीस निघाल्या. त्यातल्या तीनच मी वापरते. बाकीच्या अठ्ठावीस पिशव्यांसाठी कुठेतरी कुणीतरी शेतात पाणी सोडले होते.

म्हणून कोणती पिशवी घ्यायची हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर दुसऱ्या क्रमांकावर ठेवला असता. पहिला प्रश्न असा: पिशवीचे घर कुठे आहे? गोव्यात पावाच्या पिशवीला घर आहे. फाटकाला खिळा, खिळ्याला पिशवी, पहाटे पदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत येतो आणि त्यात पाव टाकतो. तिथे पिशवी विसरणे शक्यच नाही, कारण ती तिच्या जागेवर असते. गिऱ्हाईक तुमच्याकडे पिशवीशिवाय येते ते आळशी असते म्हणून नाही. बसमधून उतरता उतरता आठवते की घरात साखर नाही. देवळातून येताना आठवते की गूळ संपला. ठरवून केलेल्या खरेदीला लोक पिशवी आणतात, न ठरवलेल्या खरेदीला आणत नाहीत, आणि तुमचे दुकान बसथांब्याला लागून असल्यामुळे तुमच्याकडे न ठरवलेली खरेदीच जास्त. त्या लोकांसाठी पिशवीचे घर तुमच्या दुकानात हवे.

तेव्हा पिशवी विकू नका, फुकट देऊ नका, उसनी द्या.

हे मी अनुभवावरून सांगते. आमच्या वाड्यावरच्या बायकांनी एकदा जुन्या साड्यांच्या चाळीस पिशव्या शिवल्या, बाजाराच्या तोंडाशी खुंट्या ठोकून टांगल्या आणि पाटी लावली, 'घ्या आणि परत आणा'. पंधरा दिवसांत खुंट्या रिकाम्या झाल्या. कुणी चोर नव्हते. घरी नेलेली पिशवी घरचीच होऊन जाते. पुढच्या वेळी एका दुकानात ठेवल्या आणि दहा रुपये अनामत घ्यायला लागलो. पिशवी आणली की दहा रुपये परत. तेव्हा मात्र त्या फिरू लागल्या. काही आल्या नाहीत, पण दुकानदाराचे त्यात नुकसान नव्हते. ही काही नवी युक्ती नाही. थंड पेयाच्या काचेच्या बाटलीची अनामत तुमच्या सासऱ्यांनी नक्की घेतली असेल.

तुमच्यासाठी हिशेब असा. शंभर पिशव्यांपासून सुरुवात करा. गावात किंवा शेजारच्या गावात बायकांचा स्वयंसाहाय्य गट असेल तर त्यांना शिवायला द्या, पण नवे मांजरपाट आणू नका. जुन्या चादरी, पडदे, साड्या गिऱ्हाइकांकडूनच मागा. चवथीच्या आधी घरोघर साफसफाई निघते, ढिगाने मिळतील. शिलाई पिशवीमागे पंचवीस रुपये धरली तर अडीच हजार झाले. अनामत वीस रुपये ठेवा. पिशवी गेली आणि परतच आली नाही तर तुमचे पाच रुपये गेले, शंभरच्या शंभर बुडाल्या तरी पाचशे. कंपोस्टेबलचे ४,६८० याच्या शेजारी ठेवून मिस्टरांना दाखवा. न आलेली पिशवीसुद्धा कुणाच्या तरी दारामागे टांगलेली असेल आणि पुढच्या वेळी तीच हातात घेऊन ते येतील, म्हणजे काम झालेच.

पिशवी कुणी नेली याची वही ठेवू नका, डोक्याला ताप होईल. सगळ्या पिशव्यांना एकाच रंगाचे बंद लावा, लाल म्हणा. लाल बंदाची पिशवी जो कोणी आणील त्याला वीस रुपये, मग नेणारा तो असो की त्याचा भाचा. उधारीवाल्यांची वही आहेच, त्यांच्या खात्यात सामानाखाली 'पिशवी १' एवढे लिहा आणि आणल्यावर खोडा. गल्ल्यासमोर मोठ्या अक्षरात पाटी हवी, म्हणजे सामान बांधून झाल्यावर वाद होणार नाही. पिशवी मळकी आली तरी पहिल्यांदा पैसे द्या, 'पुढच्या वेळी धुऊन आणा हं' म्हणा आणि विषय सोडा.

शिवून घेताना दोन गोष्टी सांगा. बंद नुसता काठाला टाचू नये, पिशवीच्या पोटाखालून नेऊन दोन्ही बाजूंनी शिवावा, म्हणजे पाच किलो तांदूळ घातला तरी उसवत नाही. आणि निम्म्या पिशव्या पावसासाठी वेगळ्या करा. जून ते सप्टेंबर सुती पिशवी एकदा भिजली की तीन दिवस वाळत नाही, मग बुरशीचे काळे ठिपके आणि कुबट वास, त्या पिशवीत रवा कोण घालणार? त्याला उत्तर आपल्या प्रत्येक घरात कोपऱ्यात उभे असते, मोडकी छत्री. काड्या काढल्या की छत्रीच्या कापडाची छान पिशवी होते, पाणी झटकले की कोरडी. जुनी नायलॉनची साडीही चालते. छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे सांगून ठेवलेत तर मोडीतले कापड तो साठवून ठेवील. कागदी पिशवीच्या नादी मात्र पावसात लागू नका. कोरड्या दिवसांत, हलक्या कोरड्या मालाला ती ठीक.

त्याआधी एक काम करा, यावर माझा जोर आहे. आठवडाभर प्रत्येक मागणी टिपून ठेवा: पिशवी कुणी मागितली आणि कशासाठी. माझा अंदाज आहे की दिवसाच्या त्या साठ पिशव्यांतल्या पुष्कळ एका साबणासाठी, एका बिस्किटच्या पुड्यासाठी, किंवा हातात पिशवी असताना 'हे वेगळे बांधून द्या' म्हणून मागितलेल्या असतील. तिथे पर्याय शोधायचाच नाही, हसून वस्तू हातात द्यायची. सुट्या मालाला खाकी कागदाची पुडी आणि वरून टांगलेले दोऱ्याचे रीळ, तुमच्या सासऱ्यांचे रीळ माळ्यावर असेल बघा. वर्तमानपत्र वापरू नका. छपाईची शाई खाण्याला लागते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली आहे. पावसात ओलसर झालेल्या गुळाला तर ती लगेच चिकटते. गुळाला केळीचे पान चांगले. खोबरेल सुटे विकत असाल तर बाटली गिऱ्हाईकाने आणावी. डबा घेऊन येणाऱ्याचा डबा आधी रिकामा तोलून तराजू शून्यावर घ्या, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. डब्याचे वजन मालात धरतात अशी शंका एकदा आली की तो पुन्हा डबा आणत नाही.

मासळीचे काम यापेक्षा अवघड आहे. ओले, वासाचे, रक्त गळणारे. कापडी पिशवीत बांगडे कुणी नेणार नाही आणि नेऊ नयेत. तुम्ही पिशवी न दिल्याने मासळीवालीचे गिऱ्हाईक तुटेल, ती तुमच्यावर चिडेल, आणि दिली तर दंड तुम्हाला. तेव्हा तिच्याशीच बोला, दुपारी तिची टोपली रिकामी होत आल्यावर, घाईच्या वेळी नको. तिची गिऱ्हाईके रोजचीच असतात. मासळी ही तर ठरवून केलेली खरेदी, सकाळी घरातून निघतानाच माणूस नुस्त्याला जातो म्हणून निघतो. त्याला झाकणाचा डबा आणायला सांगणे शक्य आहे, फक्त ते तिने सांगायला हवे, तुम्ही नव्हे. डबा आणणाऱ्याला तिने चार तारल्या मासळ्या वर घातल्या तर पंधरा दिवसांत निम्मे डबे दिसू लागतील. डबा प्लॅस्टिकचा असला तरी चालेल. वर्षानुवर्षे वापरायच्या प्लॅस्टिकशी आपले भांडण नाही. विसरलेल्यांसाठी पाने: पावसाळ्यात सागाची पाने हाताच्या दोन वितींएवढी मोठी असतात, दोन पानांत मासळी, वरून केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, गाठ. फुलवाली अबोलीची फाती (गजरे) अजून पानातच बांधून देते ना? उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, तेव्हा केळीवर भागवावे लागेल. आणि ज्याला बसने लांब जायचे आहे त्याला पान पुरणार नाही, हे मला मान्य आहे. त्याच्यासाठी तुम्ही पाच-सहा झाकणाचे डबे पन्नास रुपये अनामतीवर ठेवून पाहा. जमेलच असे सांगत नाही. मासळीचा प्रश्न अजून कुणी पूर्ण सोडवलेला मला दिसलेला नाही.

समोरच्या दुकानाबद्दल राग धरू नका. त्यालाही तुमच्यासारखेच गिऱ्हाईक तुटायची भीती आहे, बहुतेक तुमचीच. मिस्टरांना त्याच्याकडे पाठवा, किंवा दोघे मिळून जा, चहाला बसा आणि एक तारीख ठरवा. त्या तारखेपासून दोन्ही दुकानांत लाल बंदाची पिशवी, इकडची तिकडे दिली तरी वीस रुपये परत. असे झाले तर त्या पिशवीचा गावभर वापर होईल आणि पातळ पिशवी मागायला जागाच उरणार नाही. तो नाही म्हणाला तर? तर तुम्ही सुरू करा. त्याच्याकडेही तपासणी येईलच, आणि त्या दिवशी त्याला तुमची पाटी आठवेल.

२००२ मध्ये दोन देशांनी एकाच सुमारास हा प्रश्न हाताळला. बांगलादेशात पातळ पिशव्यांनी गटारे तुंबून पुराचे पाणी ओसरेना, म्हणून त्यांनी सरसकट बंदी घातली. हाताशी तेवढा स्वस्त पर्याय नव्हता, अंमल ढिला पडला आणि पिशव्या बाजारात परत आल्या. आयर्लंडने बंदी घातली नाही, प्रत्येक पिशवीला पंधरा सेंट कर लावला, आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त उतरला. आयर्लंड श्रीमंत देश, तिथे सगळी दुकाने यंत्रावर बिल करतात, आपली तुलना थेट होत नाही हे खरे. पण पंधरा सेंटांनी कुणी गरीब झाला नव्हता. पिशवीला किंमत आहे एवढे लोकांच्या ध्यानात आले. आपल्याकडे पणजीत सांतइनेजचा नाला पाहा, किंवा पहिल्या पावसात तुमच्याच बसथांब्यामागचे गटार उघडून पाहा. बंदीचा कागद आहे, पिशव्याही आहेत. तुमच्या वीस रुपयांनी निदान तुमच्या थांब्यामागचे गटार वाहील.

चवथीचे असे करा. चवथीची खरेदी ठरवून केलेली असते, लोक याद्या घेऊन, मोठ्या पिशव्या घेऊनच येतात. गणपतीवर टांगायच्या माटोळीचे, फळाफुलांचे सामान काही कुणी पातळ पिशवीत नेत नाही. म्हणून त्या गर्दीत तुम्हाला वाटते तेवढा त्रास होणार नाही. शिवलेल्या पिशव्या तेव्हाच बाहेर काढा, याद्या भरून ठेवलेले सामान त्यातच घालून द्या आणि अनामत बिलात धरा. गर्दीत सांगायला वेळ मिळणार नाही, पाटी सांगेल. शंभर पिशव्या तेवढ्या दिवसांत शंभर घरांत पोचतील. खरी परीक्षा विसर्जनानंतरच्या आठवड्यात, जेव्हा लोक पुन्हा बसमधून उतरून साखर मागू लागतील. त्या आठवड्यात गल्ल्यावर तुम्ही स्वतः बसा, मिस्टरांना बसवू नका. त्यांचा जीव मऊ आहे असे तुमच्या पत्रावरून वाटते.

आता आजोबा. पिशव्या शिवून होईपर्यंत थांबू नका. घरातल्या एखाद्या जुन्या साडीची एक पिशवी आजच शिवा, लहान, दोन किलो मावेल एवढीच, म्हणजे ते त्यात जास्त भरणार नाहीत. बंद लांब ठेवा, खांद्यावरून तिरका घेता येईल असा. एका हातात काठी असते, दुसरा हात त्यांना कठड्याला धरायला मोकळा हवा. त्यात साखर, चहापूड आणि गूळ घाला, गूळ पानात बांधून, आणि संध्याकाळी स्वतः त्यांच्या घरी जा. पैसे ते देतील तेवढे घ्या, नको म्हणू नका, त्यांना ते आवडणार नाही. अनामत मात्र घेऊ नका. ही पिशवी उसनी नाही, ती त्यांची. निघताना देवळात जायच्या वाटेवर दारामागे कुठे टांगायची तेवढी जागा बघून या, खिळा नसेल तर ठोकून द्या.